मामांचं प्रजासत्ताक

पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत जी लोकशाही जन्माला आली, तिची काळजी करणं खुद्द जर्मन लोकांनीसुद्धा कधीच सोडून दिलं असेल. पण जरा कळ काढली तर ती अजूनही बाळसं धरेल, असं मनापासून वाटणारा एक माणूस जगात शिल्लक आहे आणि तो परवापरवापर्यंत इंग्लंडात, वॉटफर्डला आमच्या मागच्याच रस्त्यावर राहत होता. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे, अनघाचे, सख्खे मामा. मूळचे अमरावतीचे. तरुणपणी इकडे आले आणि इथल्या एका सेकंडरी स्कूलमध्ये जन्मभर हिस्टरी शिकवत राहिले. इथल्या मुलांना जर्मनीचा इतिहास असतोच. बाकीचे शिक्षक तो धडा शिकवून घरी जातात. मामा तो धडाच घरी घेऊन आले. सम्राट परदेशी पळालेला, लोक उपाशी, राजधानीत गोळीबार चाललेला, आणि अशात वायमार नावाच्या लहानशा गावी एका नाट्यगृहात बसून काही माणसांनी देशाची राज्यघटना लिहायला घेतली, हे मामा अशा थाटात सांगत की त्या नाट्यगृहातली चहापाण्याची व्यवस्था यांच्याकडेच असावी.

लग्नानंतर मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलो, तेव्हा मामांनी पहिल्याच रविवारी जेवायला बोलावलं. नोकरी कशी आहे, भाडं किती पडतं, असं काहीबाही विचारतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. मामांनी भाताचा पहिला घास घेतला आणि विचारलं, "जावईबापू, तुम्ही त्या वेळी त्यांच्या जागी असता तर हरल्याच्या तहावर सही केली असती का?" मी गोंधळून म्हणालो, "टर्म्स वाचून सांगतो." मामांचा चेहरा असा उजळला की अनघाचं लग्न योग्य घरी झालं याची खात्री त्यांना त्या क्षणी पटली असावी. "न वाचताच ओरडणारे फार होते हो," ते म्हणाले. तेवढ्यात मामी स्वयंपाकघरातून पोळ्या घेऊन आल्या. "आधी त्यांना जेवू द्या. उपाशी माणसाकडून सही घेतली की पुढे काय होतं, ते तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

त्या प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष मूळचा घोड्यांची खोगिरं शिवणारा कारागीर. मामांचा जीव त्याच्यावर विशेष. बिचाऱ्याचा शपथविधी झाला त्याच सुमारास एका साप्ताहिकानं त्याचा पोहण्याच्या चड्डीतला फोटो पहिल्या पानावर छापला आणि सगळा देश त्याला हसला. हा अपमान मामांनी इतका मनाला लावून घेतला होता की बोर्नमथच्या बीचवर सगळे पाण्यात उतरलेले असताना मामा सूट घालून, बुटांचे बंद घट्ट बांधून वाळूत खुर्चीवर बसलेले असत. मी एकदा म्हटलं, "मामा, तुम्हाला कुठं राष्ट्राध्यक्ष व्हायचंय?" "त्यालाही व्हायचं नव्हतं," मामा म्हणाले, आणि गळ्यातला टाय सारखा केला.

शाळेतली त्यांची ख्याती आम्हाला मामींकडून कळली. सुरुवातीचे धडे मामा असे रंगवत की मुलं डबा खायचं विसरत. लष्करातल्या काही मंडळींनी राजधानी ताब्यात घेतली आणि कामगारांनी संप करून, दिवे-पाणी बंद करून त्यांना परत पाठवलं, तो धडा झाला की वर्गात टाळ्या पडत. पुढे मात्र धडे काळवंडत जातात. हुकूमशाही येण्याचा आठवडा जवळ आला की मामांना सर्दी होई. दर वर्षी, न चुकता. घसा बसे, अंगात कसकस येई, मामी मुगाची खिचडी टाकत आणि तो धडा सप्लाय टीचर, म्हणजे बदली शिक्षक, उरकून जाई. हेडमास्तरीणबाई एकदा घरी समाचाराला आल्या, तर मामा मफलर गुंडाळून बागेत गुलाबाची छाटणी करत होते. "शेवट काय, सगळ्यांना पाठच असतो," मामांनी त्यांना सांगितलं. "ज्यांनी सुरुवात केली, त्यांना तो माहीत नव्हता. मला त्यांच्याबरोबर बसू द्या ना जरा." बाई समजूतदार असाव्यात. त्यांनी चहा घेतला आणि पुढच्या वर्षी सप्लाय टीचर आधीच बुक करून ठेवला.

वेम्बलीला आमचं एक लहानसं मराठी मंडळ भरतं. त्याची घटना अर्थातच मामांनी लिहिली होती, आणि तीत प्रत्येक गटाला मतांच्या प्रमाणात कमिटीवर जागा होती. परिणामी आमच्या एवढ्याशा मंडळात नाटकवाले, लेझीमवाले, पुरणपोळीवाले, 'पुरणपोळी बाहेरून मागवू'वाले, असे पक्ष झाले. 'जेवण वेळेवर द्या' या पक्षात एकच गृहस्थ होते, पण सगळी आघाडी त्यांच्यावर टिकून असे, म्हणून निदान जेवण तरी वेळेवर मिळे. विरोधी पक्षाच्या नेत्या खुद्द मामी. मामांच्या प्रत्येक ठरावाविरुद्ध त्या हात वर करत आणि मामा भरल्या सभेत अभिमानानं सांगत, "त्या पहिल्याच निवडणुकीत तिथल्या बायकांनी मत दिलं. घरात विरोधी पक्ष हवाच."

एका गणपतीला सजावटीवरून इतकी भांडणं झाली की मुंबईचा फायनान्समधला एक हुशार तरुण उठून म्हणाला, "काका, नो ऑफेन्स, पण ही कमिटी वगैरे सोडून देऊ या. एक माणूस ठरवेल, बाकीचे करतील. मच मोर एफिशियंट." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा पांढरे पडले. मंडळाच्या घटनेत, आणीबाणीत अध्यक्षाला एकट्यानं निर्णय घेता येईल असं एक कलम त्यांनीच वायमारहून उचललं होतं. ते वापरून हा विषयच बंद करा, असं दोघातिघांनी त्यांच्या कानात सांगितलं. मामांनी नकारार्थी मान हलवली. "ज्या कलमानं ते प्रजासत्ताक बुडालं, त्याच कलमानं मी मंडळ वाचवू?" मग त्यांनी प्रत्येकाला बोलायला लावलं. त्या तरुणाला सर्वांत जास्त वेळ दिला. भात गार झाला, आमटीवर साय धरली, हॉलचा केअरटेकर किल्ल्या वाजवत फिरू लागला. शेवटी मतं पडली आणि कमिटी थोडक्यात वाचली. मामींनी जन्मात पहिल्यांदा मामांच्या बाजूनं हात वर केला होता. घरी येताना मामा ट्रेनमध्ये अस्वस्थ. "तू माझ्या बाजूनं? माझं काही चुकलं का गं?" मामी खिडकीबाहेर बघत हसत होत्या.

मामी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. आजार लांबला होता. त्यानंतर मामा आमच्याकडे येत, त्यांच्याविषयी खूप बोलत; पण ते सगळं पहिल्या वर्षांचं. ईलिंग रोडवरच्या दुकानावरची खोली, बेसिनखाली ठेवलेली बादली, मामींनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो ताटलीत घेऊन त्यावर गूळ घातला होता ते. हॉस्पिटलचा विषय निघाला की मामा उठून पाणी प्यायला जात. एकदा अनघानं विचारलं, "मामा, एकटं वाटतं का हो?" तर म्हणाले, "हल्ली घरात सगळे ठराव बिनविरोध मंजूर होतात गं, अनू." आणि हसायचं म्हणून हसले.

यंदा त्यांच्या मुलीनं त्यांना लीड्सला न्यायचं ठरवलं. ती तिकडे डॉक्टर आहे. "बाबा, तुमचा खोली रेडी आहे, आता नो आर्ग्युमेंट," असं तिनं फोनवर आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत बजावलं. जाण्याआधी काही हवंय का, म्हणून आम्ही विचारलं, तर मामा म्हणाले, "वायमार बघायचंय." मग कळलं की जन्मभर ज्या गावाच्या गोष्टी सांगितल्या, तिथं हा माणूस कधी गेलेलाच नव्हता. रिटायर झाल्यावर दोघं जाणार होती. मग मामींच्या तपासण्या सुरू झाल्या.

जूनमध्ये आम्ही तिघं गेलो. वायमारच्या त्या चौकात दोन कवींचा पुतळा आहे आणि सगळे टुरिस्ट त्याच्यापुढे फोटो काढत होते. मागच्या नाट्यगृहाच्या भिंतीवरच्या पाटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मामा तिच्यापुढे उभे राहिले. आतलं सगळं पुढच्या युद्धात जळलं, पुन्हा बांधलं. ही दर्शनी भिंत तेवढी जुनी, आणि ही पाटीसुद्धा मधल्या काळात काढून टाकली होती, नंतर परत लावली, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. सांगता सांगता त्यांचा हात भिंतीवर टेकला. मग ते बाकावर येऊन बसले.

"मी तेव्हा खाली कॉफी आणायला गेलो होतो," ते म्हणाले.

आम्हाला आधी कळलंच नाही.

"हॉस्पिटलात. मशीन बिघडलं होतं, म्हणून दुसऱ्या मजल्यावर गेलो. वर आलो तर नर्स दारातच उभी. तिनं काही सांगायच्या आधीच मला कळलं." अनघानं त्यांचा हात धरला. मामा बोलत राहिले. सकाळी मामींनी केस विंचरून घेतले होते. खिडकी उघडायला लावली होती. कॉफीत साखर घालू नका म्हणून बजावलं होतं. मामा सगळं सावकाश, क्रमानं सांगत होते, मध्ये एकदाही पाणी प्यायला उठले नाहीत.

सांगून झालं. जूनचा लांबलेला उजेड त्या भिंतीवर होता. थोड्या वेळानं नाट्यगृहाचे दरवाजे उघडले आणि ठेवणीतले कपडे घातलेली माणसं गप्पा मारत, एकमेकांना पुढे जाऊ देत, पायऱ्या चढू लागली. एक म्हातारं जोडपं अगदी आमच्यासमोरून गेलं. बाईंनी नवऱ्याच्या कोटावरचा धागा काढला आणि दोघं आत दिसेनाशी झाली.

मामा त्या दाराकडे बघत म्हणाले, "तिला आवडलं असतं हे." मग स्वतःशीच, "खूप आवडलं असतं."