कोणाचे मामा?

तो कागद कोणी चोरला नाही. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती आणि कपाट मीच उघडलं.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका दवाखान्यात रेकॉर्ड कारकून होतो. रोग्यांचे केसपेपर नंबरवार लावायचे, डॉक्टरांनी मागितले की काढून द्यायचे, बाहेरच्या कोणालाही दाखवायचे नाहीत.

एका दुपारी सावनेरहून एक गृहस्थ आले. हातात संत्र्यांची पिशवी. सक्करदऱ्याच्या एका मुलीचं नाव सांगून म्हणाले, “बाबू, तिचा कागद पाहाचा होता. मी मामा आहो गा.”

मामा म्हटल्यावर मी उठून खुर्चीच दिली. भाचीला बोहल्यावर आणणारा माणूस, त्याच्यापासून काय लपवायचं? पहिलं पान मी वाचूनही दाखवलं: छातीचा क्षय. शेवटच्या पानावर डॉक्टरांनी ‘पूर्ण बरी’ असं लिहिलं होतं. मी पानं उलटेपर्यंत ते उठलेही होते. संत्री मात्र ठेवून गेले. ती आम्ही कारकुनांनी वाटून खाल्ली.

आठवड्याने मुलीचे वडील आले.

“पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, बाबू. पोराचा मामा इथं येऊन कागद पाहून गेला म्हणते. कोणं दाखवला?”

मामा तर ते होतेच. कोणाचे, हे मी विचारलं नव्हतं.

“मले नाही माहीत,” मी म्हणालो. ते कपाटाकडे एकदा बघून निघून गेले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला नातं विचारू लागलो. शेजारच्या टेबलावरचा कारकून हसायचा, “काहून गा, आता डॉक्टरलेही विचारशीन का, कोणाचे मामा म्हणून?” मी हसत नसे.

सहा-सात वर्षांनी खिडकीशी एक बाई आल्या. शाळेत नोकरी लागत होती, बरी झाल्याचा दाखला हवा होता. सवयीने मी विचारलं, “रोगी तुमचे कोण?”

“मीच.” त्यांनी नाव सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “हा कागद दुसरं कोणी पाहत तर नाही ना?”

मी केसपेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि उभा राहिलो.

“बाई, एकदा पाहिला आहे. तुमचं लग्न जमलं होतं, त्या मुलाच्या मामांना मीच दाखवला होता. तुमच्या वडिलांशी खोटंही मीच बोललो. माझं चुकलं. मला माफ करा.”