गरम फ्रीज

फ्रीज गरम करायचा असतो हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, ते सगळे आधी हसले. पण अमेरिकेत, ॲन आर्बरच्या थंडीत गराजमध्ये बिअर करायची तर दुसरा इलाज नाही. जुन्या फ्रीजच्या भिंती जाड असतात, दार घट्ट बसतं, आतली ऊब आत राहते. माझ्या फ्रीजमध्ये माल्टच्या गोड पाण्याने भरलेली बादली असते, त्यात यीस्ट, आणि शेजारी रंगाच्या रिकाम्या डब्यात एक बल्ब. बिअरवर थेट उजेड पडू नये म्हणून तो डब्यात. ऊब बाहेर यावी म्हणून डब्याला वर भोकं. पारा खाली गेला की थर्मोस्टॅट बल्ब लावतो, चढला की बंद करतो. हे सगळं माझं मी बसवलंय.

‘माझं मी’ मुद्दाम सांगतेय. इथल्या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबात मी कितीतरी वर्षं जातेय. नवरा सोबत येतो तो गाडी चालवायला आणि पिंप उचलायला. तरी माझी बिअर पिऊन लोक हात मिळवतात ते त्याच्याशी, आणि हा नुसता गोड हसतो. घरी आल्यावर मी भांडले की म्हणतो, “यार, प्रत्येकाला काय करेक्ट करत बसू?” सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा तर फोनवर नातेवाइकांना सरळ सांगतात, “जावईबापूंना छंद आहे.” मुलगी बिअर करते हे त्यांच्या तोंडून निघत नाही. म्हणून क्लबच्या हिवाळी पार्टीचं पिंप मी आणणार, असं मी सगळ्यांदेखत हात वर करून सांगून टाकलं. बिअर कुणाची, हे एकदाचं कळू दे.

पहिले दोन दिवस बादलीच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुडे छान येत होते. मग थांबले. पारा बघते तर घसरलेला. थर्मोस्टॅटचा दिवा लागलेला, डब्याच्या भोकांतून उजेडही दिसत होता, आणि तरी आत गारठा. मी थर्मोस्टॅट बदलला. दाराच्या रबरात कुठे फट आहे का बघितलं. बादलीला जुनी रजई गुंडाळली. ऑफिसातून येऊन कोट न काढताच गराजमध्ये जायचे, पारा बघायचे आणि शिव्या घालायचे. यीस्ट गारठून तळाशी बसलं होतं आणि पार्टी जवळ येत होती. मला रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी वैतागून डबाच उचलला. डबा थंडगार! झाकण काढलं तर आत नवाकोरा एलईडी. लखलखीत उजेड आणि ऊब नावाला नाही.

“हो, मीच बदलला,” बाबा म्हणाले. खूश होते. “घरातले सगळे जुने बल्ब बदलले, तसा तोही. केवढी वीज खात होता! उजेड तर तेवढाच पडतो की.”

“बाबा, मला उजेड नकोय, ऊब हवीये! मला विचारायचं तरी!”

“अगं, न विचारता कसा हात लावीन? जावईबापूंना विचारलं होतं मी.”

तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा आत मीटिंगमध्ये होता. बाहेर आल्यावर आठवून म्हणाला, “हां, काहीतरी बल्बचं विचारत होते खरं. मी म्हटलं, करा ना बाबा.” फ्रीज माझा, बिअर माझी, आणि परवानगी दिली ह्याने!

काढलेले जुने बल्ब बाबांनी कचऱ्यात टाकले होते, आणि तसले आता दुकानात सहजी मिळत नाहीत. शेवटी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून सरड्यांच्या पेटीत लावतात तो चिनी मातीचा हीटर आणला. तो उजेड देत नाही, नुसता तापतो. काउंटरवरच्या मुलीने कौतुकाने विचारलं, “व्हॉट काइंड ऑफ लिझर्ड डू यू हॅव?” तेही नवऱ्यालाच. मी त्या दोघांना तिथेच सोडून गाडीत जाऊन बसले.

पारा चढला. नवं यीस्ट घातलं, बादली हलवून हलवून हात दुखले. चार बुडबुडे आले न आले. एरवी मी अशी बिअर ओतून दिली असती, पण दुसरी करायला वेळ नव्हता आणि शब्द देऊन बसले होते.

पार्टीत पहिला ग्लास क्लबच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी घेतला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बिअर कसली, अर्धवट आंबलेलं सरबत ते. सवयीप्रमाणे त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं, “व्हॉट हॅपन्ड, मॅन?”

नवरा पटकन म्हणाला, “ओह, इट्स हर बिअर.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं त्याच्या तोंडून मला हेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकताना त्याला त्या पिंपात बुडवावंसं वाटलं.

“येस, माइन,” मी म्हणाले. अध्यक्षांच्या हातातून ग्लास घेतला आणि सगळ्यांसमोर तळापर्यंत पिऊन टाकला.