भर मैदानातून चालत आलेली कुंदा

कुंदा गेली त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात तिच्या उशाशी मोसंबी सोलत बसलो होतो. डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली आहे. तशीच म्हणाली, "रेवाला सांगितलं?" मी म्हटलं, "सांगतो ना." "कधी सांगून राहिले तुम्ही... मी गेल्यावर?" माझ्या बायकोचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. उत्तर म्हणून मी मोसंबीची फोड पुढं केली.

रेवा आमची मुलगी. शाळेत असताना खो-खो खेळायची, म्हणजे ती खेळायची आणि मी तिला खेळवायचो. कारखान्यातली पाळी संपली की माझी स्कूटर थेट मैदानावर. जबलपुरात आमची मराठी घरापुरती. रेवा तर घरातही हिंदीतच उत्तर द्यायची. पण मैदानावर तीच मराठी आमचं हत्यार झाली होती. समोरच्या मुलींना कळू नये म्हणून मी रेषेबाहेरून मराठीत ओरडायचो, "खांब सोड! डावीकडून पळून राहिली ती, वळ!" आणि रेवा वळायची. बाकीचे बाप हसायचे, "भाईसाहब, खेल कौन रहा है, बिटिया कि आप?" मला ते कौतुक वाटायचं. कुंदा आलीच तर मैदानाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसायची. "भाभीजी, मैच उधर है!" असं कुणी म्हटलं की म्हणायची, "बिटिया तो ठीक खेलती है भैया, नजर इन पर रखनी पड़ती है." सगळे हसायचे. मीही.

राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली आणि रेवाचा गुडघा सुजला. दीक्षितपुऱ्यातल्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, मैदान पूर्ण बंद, यावर पुन्हा पडली तर पाय कायमचा अधू होईल. मी बाहेर आलो आणि रेवाला म्हणालो, "पट्टी बांधून खेळ म्हणाले." कुंदालाही तेच सांगितलं. निवडीच्या दिवशी पट्टी मीच बांधली, सूज दिसू नये इतकी घट्ट.

दुसऱ्या डावात रेवा पाठलागावर होती. खांबाजवळ झेप घेऊन पडली. उठताना हात गुडघ्याकडे गेला आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. खेळू का थांबू, हेच ती विचारत होती. मी ओरडलो, "काही नाही झालं! पळ!" ती पळाली, पाय ओढत. तेवढ्यात समोरच्या बाजूनं कुंदा मैदानात शिरली. सुजेची गोळी आणायला म्हणून ती डॉक्टरांकडे गेली होती आणि त्यांची बोलणी खाऊन ऑटोनं तशीच आली होती. बसलेल्या मुलींच्या रांगेतून ती सरळ चालत आली. शिट्टी वाजली, खेळ थांबला. "चल, रेवा. घरी." घरात हिंदी बोलणारी पोर तेव्हा मराठीत किंचाळली, "आई, काहून आली तू? जा ना इथून!" आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "डोकं फिरलंय हिचं, बाहेर न्या हिला." कुंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पोरीचं मनगट धरून निघाली.

घरी स्वयंपाकघरात मी तिला हळूच म्हटलं, "पोरीला सांगू नको. माझ्यावरचा विश्वास उडेल तिचा." "आणि माझ्यावरचा?" "तू आई आहेस, तुला माफ करेल." ती म्हणाली, "बरं."

रेवानं माफ केलं नाही. गुडघा सावरला, पण निवड हातची गेली आणि तिनं मैदानच सोडलं. "आई ने मेरा खेल खत्म कर दिया," हे ती आमच्याकडे पाहुण्यांसमोर सांगायची, पुढं नागपूरला सासरीही. कुंदा भाजी चिरत राहायची. मी पेपर वाचायचो. तीच म्हणाली होती सांगू नका, असं मी स्वतःला पटवून ठेवलं होतं. ते खोटं आहे...

ग्वारीघाटावर अस्थी सोडून घरी परतलो, तेव्हा रेवाला समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई को पता था?" "हो." "उसी दिन से?" "हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. कुंदा दर थंडीत तिच्या गुडघ्यासाठी तिळाचं तेल लसूण-ओवा घालून कढवायची. रेवा ते कधी नेत नसे, तरी पुढच्या थंडीत नवी बाटली फळीवर असायचीच. तीच बाटली काढून रेवा फरशीवर बसली आणि पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळू लागली. मी एक पाऊल आत टाकलं. वर न पाहता ती म्हणाली, "पप्पा, दरवाज़ा बंद कर दीजिए."

मी बाहेरून दार लोटलं.

नागपूरला परतताना बाटली ती घेऊन गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. आता थंडी पडू लागली आहे. काल मी तिळाचं तेल आणून गॅसवर ठेवलं. लसूण आधी घालायचा की ओवा, हे मला माहीत नाही.