आधी मला सांगायचं होतंस

युट्रेख्टजवळच्या एका सबस्टेशनवर आम्ही दोघं जोडीनं काम करायचो. ते त्रेसष्ट वर्षांचे डच गृहस्थ, मी पुण्याहून आलेली, त्यांच्या मुलीच्या वयाची. मी त्यांना नुसत्या नावानं हाक मारायचे, इथे सगळे तसंच करतात. पण मराठीत त्यांच्याबद्दल बोलायला लागले की तोंडात 'ते'च येतं.

आमचं काम बसबारच्या संरक्षणाचं. बसबार म्हणजे सबस्टेशनमधल्या जाड उघड्या नळ्या. सगळ्या लाइन्स तिथे येऊन मिळतात. तिथे फॉल्ट झाला तर अर्धं शहर अंधारात जातं, आणि जवळ कुणी असेल तर तो बहुधा वाचत नाही. म्हणून प्रत्येक लाइनमधला करंट मोजून रिलेपर्यंत, म्हणजे पहारा देणाऱ्या यंत्रापर्यंत, आणलेला असतो. जितका आत आला तितकाच बाहेर गेला, तर रिले गप्प. हिशेब जुळला नाही की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सगळे ब्रेकर उघडून वीज तोडतो. हे मी कॉलेजात शिकले होते, पण कळलं ते त्यांच्याकडून. ते प्रत्येक तारेवर बोट ठेवून तिचा नंबर मोठ्यानं म्हणायचे आणि मलाही म्हणायला लावायचे. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची.

मार्चमध्ये आम्ही एक नवी लाइन जोडली. चाचणीच्या वेळी मोजमापाच्या तारा छोट्या लिंक, म्हणजे धातूच्या पट्ट्या, लावून शॉर्ट करतात, मग त्या लाइनचा करंट रिलेला दिसत नाही; काम संपलं की त्या लिंक उघडतात, म्हणजे सोडवतात. यादीवर 'उघडल्या' असं लिहून त्यांनी सही केली होती. दुसऱ्या दिवशी मी रिलेचा स्क्रीन पाहिला, तर आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या करंटमधला फरक, जो शून्य असायला हवा, तो शून्य नव्हता. पॅनेल उघडलं. एक लिंक तशीच लागलेली होती. लाइनवर लोड फारसा नव्हता म्हणून निभावलं. वाढला असता तर रिलेनं बसबारवरच फॉल्ट समजून सगळं बंद केलं असतं.

ते बाहेर फोनवर बोलत होते. मी रिले तात्पुरता ब्लॉक केला, लिंक उघडली, आकडा शून्यावर आला, रिले परत चालू केला. नियमानं याची नोंद करायला हवी होती. मी केली नाही, आणि त्यांनाही काही सांगितलं नाही. थकले असतील, असं मनाला समजावलं. त्याच आठवड्यात एकदा जेवताना त्यांनी मला दोनदा विचारलं, तुझे आईवडील कुठे असतात. दोन्ही वेळा मी सांगितलं.

मे महिन्यात रायस्वाइक गावाच्या बाजूला एका चालू लाइनवर काम होतं. चालू लाइनची मोजमापाची तार आधी शॉर्ट केल्याशिवाय सोडवायची नसते, सोडवली तर तिच्या टोकाला जीवघेणा व्होल्टेज येतो. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला. नंबर म्हटला नाही.

"लिंक लावली का?" मी विचारलं.

मी मराठीत काही बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू फिरवायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं. थोड्या वेळानं त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, आज पुरे म्हणाले, आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. परतताना गाडी मी चालवली.

घरी पोचल्यावर मी मॅनेजरला फोन केला आणि मार्चचं, मेचं, सगळं सांगितलं. मॅनेजरनी एकच विचारलं, हे तू त्यांच्याशी बोललीस का? मी नाही म्हटलं. इथे माणसं तोंडावर बोलतात, हे मला आठ वर्षांत चांगलंच ठाऊक झालं होतं. पण ज्यांनी शिकवलं त्यांना तुमचं चुकतंय म्हणायला माझी जीभ उचलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांची साइटवर जाण्याची परवानगी काढून घेतली. कोट घालूनच ते माझ्या टेबलाशी आले.

"आधी मला सांगायचं होतंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला, हे मला ऑफिसात कळलं.

ऑक्टोबरमध्ये मी सायकल काढून त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. ते आत बसले होते. मी कामावरची कुणीतरी आहे एवढं त्यांना आठवत होतं. मी जे बोलायला गेले होते ते बोलले, की मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

"काय सांगायला?" त्यांनी कुतूहलानं विचारलं.

मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दुसऱ्याच कुणाची हकीकत ऐकावी तसं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, कुणाला लागलं नाही ना, मग झालं.

निघताना बायको माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. वर्षभरापूर्वीच त्यांना स्वतःच्या आठवणीबद्दल शंका आली होती, ती म्हणाली. तेव्हाच त्यांनी ऑफिसात सांगून ठेवलं होतं, 'निवृत्तीपर्यंत माझ्या जोडीला ती पुण्याची मुलगीच असू दे, ती सगळं तपासते.' "रोज घरी आले की म्हणायचे, आज ती काही बोलली नाही. म्हणजे अजून ठीक चाललंय."

मी सायकलचं हँडल धरून उभी राहिले. मार्चमध्ये मला दिसलं होतं, असं तिला सांगितलं. तिनं फाटकाची कडी काढली. मग म्हणाली, मलाही घरात दिसत होतं.

आता ते एका शुश्रूषागृहात आहेत. मी महिन्यातून एकदा जाते. त्यांचं नेहमीचं डच गेलं. लहानपणी गावाकडे बोलायचे त्या बोलीत बोलतात, ती मला कळत नाही. बायकोलाही सगळी कळत नाही. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसतो, आणि ते बोलायचे थांबले की मान डोलावतो.