दत्ताच्या फळ्यावरचं माझं अक्षर

लग्न होऊन पुंडलिकनगरात आले, तेव्हापासून गल्लीतल्या दत्तमंदिराबाहेरच्या फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहायची. माझं अक्षर मोत्यासारखं होतं. हे मीच सांगते, कारण खोटी नम्रता मला जमत नाही. मग संधिवात आला आणि मुक्कामालाच राहिला. सकाळी बोटं आखडलेली, मनगट सुजलेलं. खडू धरणं म्हणजे दिव्यच. अक्षर इतकं बिघडलं की मंदिराचं सगळं पाहणारे अण्णा एक दिवस चाचरत म्हणाले, "ताई, गुरुवारपासून छापील फ्लेक्स लावू म्हणतो. तुम्हाला त्रास नको." घरी येऊन मी रडले. नोकरी कधी केली नाही, गळा गोड नाही. देवापाशी माझं म्हणून एवढंच होतं आणि तेही तो काढून घेत होता.

बुधवारी शेवटचा सुविचार लिहायला गेले. सुखदुःख समान मानावं, असं काहीतरी मनात होतं. पहिल्याच शब्दाला खडू हातातून सुटला. तो उचलताना डोळे भरून आले. गाभाऱ्याकडे पाहून म्हटलं, "महाराज, समान मानणं मला जमत नाही. जे आहे तेच लिहिते." आणि लिहिलं, 'आज चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. फार दुखतंय. घरात सांगायचाही कंटाळा येतो. तरी आले.' नमस्कार न करताच परत फिरले.

दुपारभर मनाला लागून राहिलं. आपलं रडगाणं देवाच्या दारात टांगून ठेवलं, लोक काय म्हणतील? आरतीआधी पुसून टाकावं म्हणून ओलं फडकं घेऊन गेले, तर फळ्यासमोर बुरख्यातली एक बाई उभी होती. फुलंब्रीहून समोरच्या दवाखान्यात आलेली, आपला नंबर लागायची वाट पाहत होती. मी फडकं वर केलं तसा तिनं माझा हात धरला.

"पुसू नका ना, ताई. कुनी लिव्हलंय हे?"

"मीच."

तिनं आपली बोटं पुढं केली. माझ्यासारखीच, सांध्यांवर फुगलेली. "माझं बी असंच हाय. घरात म्हनतात, धडधाकट दिसती, बहाणे करती. मला बी वाटाया लागलं, व्हय, मीच आळशी आसंल. हे वाचलं तवा कळलं, मी खोटी नाय."

मी फडकं खाली घेतलं. खडू धरवत नाही, उद्यापासून हे बंद, एवढंच सांगितलं. तिनं पिशवीतलं जुनं फडकं काढलं, दातानं त्याची पट्टी फाडली आणि खडूला जाड गुंडाळली. "खुरपं धरवंना तवा मुठीला असंच करते मी. आता धरा." धरला. खडू मुठीत बसला. "लिव्हत जावा. मी दर महिन्याला येते, वाचीन." एवढं म्हणून ती दवाखान्यात गेली. तिचं नाव शकीला, हे मला पुढच्या महिन्यात कळलं.

तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. सकाळचा राहिलेला नमस्कार तेवढा केला. अण्णा दारात उभं राहून सगळं ऐकत होते. फ्लेक्स आजतागायत आलेला नाही.

आता रोज मी माझ्या दुखण्याचं लिहिते. औषधानं मळमळलं तर तसं, लोणच्याच्या बरणीचं झाकण एकटीनं उघडलं तर तेही. भाजी आणायला निघालेल्या बायका थांबून वाचतात. एकीनं आपल्या नवऱ्याला मुद्दाम आणून वाचायला लावलं. शकीला येते, चार ओळी मोठ्यानं वाचते आणि सुनावतेही, "ह्या बारीला लई कुरकुर केली, ताई." दुखणं गेलेलं नाही, जाणारही नाही. ते घालव म्हणून मी आता महाराजांच्या मागे लागत नाही. इतकी वर्षं सुंदर अक्षरात दुसऱ्यांचे शब्द त्यांना वाहिले. ते अक्षर त्यांनी काढून घेतलं आणि मला माझे शब्द दिले. तक्रार कसली करू? मला त्याचा अभिमान वाटतो.

परवा गल्लीतले एक नवे भाडेकरू फळ्यापाशी थांबले. म्हणाले, "काकू, अक्षर जरा नीट काढलंत तर बरं होईल."

चिंधी गुंडाळलेला खडू मी खाली ठेवला नाही. म्हटलं, "महाराजांना वाचता येतं. आणि आमच्या शकीलालाही."