शिव्यांची शुद्ध यादी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बुलढाणा जिल्ह्यात दिल्या जाणाऱ्या शिव्यांची पहिली अधिकृत, वर्णानुक्रमे लावलेली आणि दोन प्रतींत टंकलिखित यादी आमच्या महाविद्यालयात तयार झाली. यादीस प्राचार्यांची मान्यता होती. तोंडी होती, लेखी नव्हती. पुढचं सगळं या 'लेखी नव्हती'वर उभं आहे, तरी श्रोत्यांनी शांत बसावं.

मी त्या महाविद्यालयात संगणक शिकवतो. सातपुड्याकडे तोंड करून उभी असलेली दुमजली इमारत, मागे कुणाची तरी संत्र्याची बाग, पुढे बसथांबा. कॉलेजचं इंटरनेट माझ्या ताब्यात आहे. कुणाला पासवर्ड द्यायचा, कुणाचं नेट ऐन फॉर्म भरताना बंद पडायचं, हे मी ठरवतो. तालुक्याच्या गावात एवढी सत्ता तहसीलदारालाही नसते, आणि मला ती आवडते. खोटं कशाला बोलू?

एका वर्षी मूल्यांकनाची समिती येणार होती. त्यांनी पाठवलेल्या कागदांत एक रकाना होता: नेटवर्कच्या योग्य वापराचे धोरण आहे काय? आमच्याकडे धोरण नव्हतं, नेटवर्कही जेमतेमच होतं. प्राचार्य म्हणाले, लिहून टाका. मी इकडून तिकडून पाहून तेरा नियम लिहिले. प्रयोगशाळेत खाऊ नये, दुसऱ्याच्या नावाने शिरू नये, सिनेमे उतरवू नयेत वगैरे. चौदावा मात्र माझा स्वतःचा, अस्सल: 'लॉगिन ज्याचे, कृत्य त्याचे. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.' हा नियम मी घरी बायकोला उभं राहून वाचून दाखवला. तिने विचारलं, आधी जेवता का? पण मला कळलं होतं की आपल्या हातून काहीतरी टिकाऊ घडलं आहे.

आता अडचण अशी की नियम मोडणाऱ्याला पकडण्यासाठी जी पेटी आम्ही बसवली होती, म्हणजे ती फायरवॉल, ती इंग्रजीत शिकलेली. इंग्रजीत काही वावगं टाइप केलं की ती लाल होऊन अडवायची. आमची पोरं मराठीत टाइप करायची. मराठीत पेटी एकदम अनाडी. पोरं वाटेल ते शोधायची आणि वाटेल ते सापडायचं.

म्हणून प्राचार्यांच्या खोलीत तिघांची बैठक झाली. प्राचार्य, मी, आणि मराठीचे तासिकावाले सर.

तासिकावाले म्हणजे तासावर नेमलेले. पावसाळ्यात ठेवायचं, उन्हाळ्यात सोडायचं, पावसाळ्यात पुन्हा ठेवायचं. सरांचं हे अकरावं वर्ष. रोज सोनाळ्याहून बसने यायचे, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा आणि पोरांच्या वह्या. मराठीचे कायमचे प्राध्यापक निवृत्त झाले होते, जागा भरायला परवानगी आली होती, महिन्याभरावर मुलाखत होती. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत सरांच्याच निवृत्तीचं वय झालं असतं. हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं. त्यामुळे त्या महिन्यात सरांना काहीही सांगावं आणि त्यांनी 'हो सर' म्हणावं, अशी मोठी सोयीची परिस्थिती होती. खुर्च्या मोजायलाही आम्ही त्यांनाच पाठवत होतो.

आणि भाषा तर अशी शुद्ध की ऐकणाऱ्याने सरळ बसावं. आमच्याकडे सगळे 'मले', 'तुले' बोलतात, मीही बोलतो. सरांचं मात्र कॉलेजच्या फाटकातून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत 'मला' आणि 'तुला'. 'काऊन' नाही, 'का' सुद्धा नाही, 'कशासाठी'. एकदा आईशी फोनवर वऱ्हाडी बोलताना मी त्यांना पकडलं, तर उघडे सापडल्यासारखे लाजले. रागाची त्यांची कमाल मर्यादा 'मूर्खा' इथे संपायची, आणि त्यानंतर ते त्या पोराला स्टाफरूममध्ये बोलावून पाणी विचारायचे.

तर अशा माणसाला प्राचार्यांनी सांगितलं की सर, तुम्ही भाषेचे माणूस, मराठीतल्या आक्षेपार्ह शब्दांची एक यादी करून द्या, ती पेटीत भरू. सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, लोकभाषेचा अभ्यास म्हणून करता येईल. मी म्हणालो, वा, अभ्यास म्हणूनच. बैठकीचं कार्यवृत्त लिहिणं माझं काम. मी वही उघडली, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "हे नका घेऊ वहीत. समिती वाचेल." मी वही मिटली.

आठ दिवसांनी सर यादी घेऊन आले. काय ती यादी! सुवाच्य अक्षर, वर्णानुक्रम, प्रत्येक शब्दापुढे लिंग आणि वचन. बसमध्ये, बाजारात, रिक्षा थांब्यावर कान देऊन गोळा केलेले शब्द. 'भैताड', म्हणजे वेडपट, या शब्दापुढे टीप होती की हा प्रेमानेही वापरतात, सबब याला शिवी मानू नये असे नम्र मत. मी ती टीप स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. लोक हसून टेबलावर पडले. सर कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते, तेही थोडे हसले.

मग मी त्यांना सांगितलं की सर, यादी निरुपयोगी आहे. का? तर सगळे शब्द शुद्ध आहेत. पोरं ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. तुम्ही दीर्घ अडवला की पोरगा ऱ्हस्व लिहून आत जाणार. प्रत्येक शिवी जितक्या प्रकारे चुकवता येईल तितक्या प्रकारे लिहून द्या.

शिव्या लिहिताना त्यांना त्रास झाला नव्हता इतका हे ऐकून झाला. "पण सर, ते अशुद्ध होईल," ते म्हणाले.

"अशुद्धच पाहिजे."

अकरा वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाईने वेलांट्या दुरुस्त करणारा तो माणूस आता स्वतःच्या हाताने शिव्यांच्या वेलांट्या बिघडवायला बसला. मी दारातून पाहायचो. ते एक शब्द चुकीचा लिहायचे, त्याच्याकडे पाहायचे, आणि आजारी माणसासारखा चेहरा करायचे. मला इतकी मजा त्या वर्षात दुसऱ्या कशाने आली नाही.

शेवटचं काम राहिलं. यातले कोणते शब्द टाकल्यावर काय उघडतं, हे एकेक टाइप करून पाहायचं होतं. सरांनी विचारलं, कोणत्या लॉगिनने पाहू? मी म्हणालो, तुमच्याच.

लोक मला अजून विचारतात की हे तुम्ही मुद्दाम केलं का. मुद्दाम नाही केलं. पण असल्या कामाला मी माझं लॉगिन दिलं नसतं, एवढा विचार मात्र केला होता.

तीन दुपारी सर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसले. पडद्यावर काही भलतं उघडलं की वहीने झाकायचे, आणि वहीमागून डोकावून रकान्यात खूण करायचे. तिसऱ्या दिवशी टंकलिखित यादीच्या दोन्ही प्रती माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. ती यादी पेटीत भरली, ती आजही पेटीत आहे आणि उत्तम चालते. आमच्या कॉलेजात आज शुद्ध किंवा अशुद्ध कशीही शिवी टाइप करून पाहा, पेटी लाल होते.

महिनाअखेर झाली. पेटीला एक सवय आहे, ती मीच लावलेली. महिन्याच्या शेवटी ती आपणहून अहवाल काढते: कोणी किती वेळा काय आक्षेपार्ह शोधलं. हा अहवाल प्राचार्यांना जातो, आणि समितीसमोर आपली यंत्रणा भारी दिसावी म्हणून मी तो संस्थेच्या अध्यक्षांच्या मोबाइलवरही जाईल असं करून ठेवलं होतं. नवे शब्द भरल्यावर पेटीने त्या महिन्याचा सगळा शोध नव्याने तपासला. पहिल्या क्रमांकावर मराठीचे सर होते. दुसऱ्या क्रमांकावरचा पोरगा त्यांच्या जवळपासही नव्हता.

मुलाखतीला चार दिवस होते. अध्यक्ष गाडी घेऊन आले. अध्यक्ष म्हणजे सत्तरीचे, कपाशीचा मोठा व्यवहार, कॉलेज त्यांच्या वडिलांनी काढलेलं, वर्गात ते कधी गेलेले नाहीत. सरांना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. प्राचार्यांच्या खोलीत पुन्हा आम्ही तिघं, आणि खुर्चीत अध्यक्ष.

प्राचार्यांनी धोरण वाचून दाखवलं. चौदाव्या नियमापाशी अध्यक्षांनी हात वर केला. "हा नियम कोनं लिहला?"

मी उभा राहिलो. ते म्हणाले की वकिलालाही असं लिहिता येत नाही. नोकरीच्या वीस वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं, आणि ते अंगावर घेऊन मी अजून उभाच होतो, तेवढ्यात सर बोलले. त्यांनी सांगितलं की हे काम त्यांना याच खोलीतल्या बैठकीत दिलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, कोणती बैठक. प्राचार्य खिडकीतून संत्र्याची बाग पाहायला लागले. अध्यक्षांनी कार्यवृत्ताची वही मागितली. मी दिली. वहीत त्या तारखेला काही नव्हतं.

सर माझ्याकडे वळले. अकरा वर्षांत त्या खोलीत जे कधी ऐकू आलं नव्हतं ते आलं. "सर, तुमीच त सांगतलं होतं मले."

मी सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण मग प्राचार्यांनाही काही बोलावं लागलं असतं, आणि मला मिळालेली ती वाहवा अजून गरम होती. मी म्हणालो, "नियम चौदा, सर."

ते पुन्हा शुद्ध झाले. म्हणाले, बरोबर आहे.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण अध्यक्षांना पुरावा ऐकायचा होता. अहवालाचे कागद त्यांनी हातात घेतले, डोळ्यांपुढे धरले, लांब धरले. चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी कागद प्राचार्यांना दिले. प्राचार्यांनी पहिली ओळ पाहिली आणि मला दिले. मी पहिली ओळ पाहिली आणि खोकलो. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "ज्यानं टायपलं त्यानंच वाचा न मंग."

सरांनी कागद घेतले. खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. वर्गात उभे राहत असतील तसे. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

मी नाटकं पाहिली आहेत, कीर्तनं ऐकली आहेत. असं वाचन ऐकलं नाही. एक अक्षर खाल्लं नाही, एकही शब्द पुटपुटला नाही. 'ळ' तो 'ळ', 'ण' तो 'ण'. ज्या शिव्या रिक्षा थांब्यावर थुंकीबरोबर बाहेर पडतात, त्या त्यांच्या तोंडून जुन्या पोथीतल्या ओळींसारख्या एकेक करून बाहेर येत होत्या, दोन शब्दांच्या मध्ये नेमका तेवढाच थांबा घेऊन. चुकीची वेलांटी आली की त्यांना राहवायचं नाही, हलकेच म्हणायचे, "इथे दीर्घ हवी होती." 'भैताड' आला तेव्हा क्षणभर थांबले, टीप सांगावीशी वाटली असावी, पण पुढे गेले. चहा घेऊन आलेल्या बाई ट्रे धरून दारातच उभ्या राहिल्या. त्या पदराआड हसायला लागल्या होत्या, मग हसायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते, ते उघडलेच नाहीत. बाहेर व्हरांड्यात पोरांची गर्दी झाली होती आणि एकही पोरगा हसत नव्हता. ती सरांच्याच वर्गातली पोरं होती.

शेवटचा शब्द वाचून सरांनी कागद एकसारखे केले, घडी घातली, टेबलावर ठेवले.

पुढचं फार लवकर झालं. मुलाखतीच्या यादीतून नाव काढायचं ठरलं. पुढच्या वर्षी तासांनाही बोलवायचं नाही, तेही ठरलं. या वेळी प्राचार्य म्हणाले, घ्या वहीत. मी घेतलं. सरांनी माझ्याच पेनाने खाली सही केली. ठरावात त्यांच्या नावातली वेलांटी मी चुकून ऱ्हस्व लिहिली होती, ती आधी दुरुस्त केली. मग पिशवी खांद्याला लावून, पोरांमधून वाट काढत ते थांब्यावर गेले. चारची बस लागलेली होती.

खोलीत चहा गार होत होता. प्राचार्यांनी खिडकी सोडून आमच्याकडे पाहिलं. बाहेर बस निघाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे अध्यक्षांनी डोळे उघडले, बशीत चहा ओतला, आणि कोणाला उद्देशून नाही, असंच मोठ्याने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काई म्हना, मास्तर शिकवत असन पन मस्त."