मेस्तांच्या गाडीचा डावा दरवाजा

बाबू मेस्तांसारखं गिऱ्हाईक वैऱ्याच्या दुकानातही जाऊ नये, असं मी तीन महिने येता-जाता म्हणत होतो. आता म्हणत नाही. पण त्या तीन महिन्यांत या माणसानं माझ्या डोक्याचा जो भुगा केला, तो काही मी विसरलेलो नाही.

माझं दुकान पिंगुळी तिठ्यावर. गाड्यांचे टेप, स्पीकर, हॉर्न, सीटकव्हरं, जे म्हणाल ते. मेस्त तिकडे देवबागचे, वय सदुसष्ट. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. फटीत कापूस ठोकायचा, वर राळ आणि तेलाचं लुकण भरायचं. ठोकताना हातोड्याच्या आवाजावर कान ठेवायचा. फट भरली की आवाज बदलतो आणि तो बदलला की हात थांबवायचा. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि मी मान डोलावली, कारण गिऱ्हाइकासमोर मान डोलावणं हा माझा जन्माचा धंदा.

एप्रिलमध्ये ते पहिल्यांदा आले. मुंबईच्या मुलानं स्वतः नवी गाडी घेऊन जुनी छोटी गाडी बापाला दिली होती. सोबत बायको यशोदाकाकी. मेस्तांनी गाडीचं दार उघडून मला आत बसवलं आणि डबलबारीचं, म्हणजे कोकणातल्या भजनाच्या सामन्यातलं, एक भजन लावलं. कंपनीचे कागदी स्पीकर खाऱ्या वाऱ्यानं कुजले होते. बुवा नाकात गात होता आणि पखवाज म्हणजे नुसती टकटक.

"पुढच्या दोन दारांचे स्पीकर बदल," मेस्त म्हणाले. "अँप नको." अँप म्हणजे आवाजाला जोर देणारा वेगळा डबा.

"अँपाशिवाय मजा नाय मेस्तानू."

"डिकीत माझी हत्यारां आसत. तुझ्या डब्याक थंय जागा नाय. आणि साडेतीन हजाराच्या वर एक रुपयो देवचंय नाय."

यशोदाकाकी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "स्पीकराक काय एक जावक नाय. ह्येंचे कान गेले. टीव्ही लावल्यानी काय शेजारी आयकतत. मी कुडाळातल्या कानाच्या डॉक्टराचा नाव लिवन ठेवलंय, पण ह्ये जातत खंय."

हळूहळू खरी भानगड कळली. गेल्या साली अजय तोडणकराच्या होडीत भर समुद्रात पाणी शिरलं. फटी मेस्तांनी भरल्या होत्या. मेस्तांचं म्हणणं, होडी खडपावर घासली आणि फळीच तडकली. अजयचं म्हणणं, मेस्तांना आता फट भरल्याचा आवाज कळत नाही. यंदा मेस्त नको, त्यापेक्षा होडीच फायबरनं मढवून घेऊ, असं तो चारचौघांत बोलला होता. आणि त्या किनाऱ्यावर मेस्तांच्या हाताखालची लाकडी होडी ती एकच उरली होती.

"माझे कान बरे आसत," मेस्त मला म्हणाले. "ह्ये स्पीकर कुजले हत. तू नवे घाल. मगे पखवाज बरोबर आयकाक इलो तर अजयाच्या होडयेक हात लावतलंय. नाय इलो तर हत्यारां खाली ठेवतलंय."

आता मला सांगा, माणसानं आपल्या कानांचा निवाडा माझ्या दुकानात कशाला करावा? पण धंदा म्हटल्यावर मी हो म्हटलं.

अँप नसेल तर स्पीकर हलक्या ताकदीवर मोठा आवाज देणारा निवडावा लागतो. डब्यावर शंभर-दोनशे वॅट छापलेला भारी स्पीकर गाडीच्या टेपवर नुसता कण्हतो. मी त्यांच्या पैशात बसणारी, थोडक्यात बोलणारी जोडी काढून दिली. भोकं दाराशी जुळेनात, मध्ये रिंग हवी होती. माझ्याकडची प्लॅस्टिकची रिंग मेस्तांनी दोन बोटांत वाकवून परत दिली आणि दुसऱ्या दिवशी फणसाच्या लाकडाच्या दोन रिंगा करून आणल्या, तेलपाणी केलेल्या. स्पीकर त्यात असा बसला की केस जाईना. मी बसवले, एकेक वाजवून पाहिला, दोन्ही खणखणीत. गाडी दिली आणि सुटलो असं समजलो.

चौथ्या दिवशी मेस्त हजर.

"पखवाजाक कणीक लावक नाय."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. म्हणजे आवाजात घुमारा नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मी टेपवर बास वाढवून दिला. आठवड्यानं परत आले. "बुवा मधी नाय. दोन दारांत दोन बुवा बसलेसे वाटतत, येकामेकाकडे पाठ करून." मी दार उघडून, बाहेर उभा राहून ऐकलं. मागून हायवेवर ट्रक जात होते. मला सगळं ठीक वाटलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला जेवणावरून उठवलं. चौथ्या खेपेला मी त्यांना येताना पाहिलं आणि मागच्या दारानं चहाला गेलो. परत आलो तर ते माझ्याच खुर्चीत बसले होते.

वैतागून मी म्हटलं, "मेस्तानू, दाराच्या आतल्या पत्र्याक मोठी भोकां आसत. घुमारो थंयसून जाता. त्येंका चिकटपट्ट्याचे शीट मारूक होये, पण त्येचे पैशे वेगळे."

"भोकां बुजवची? ता माझ्यार सोड," मेस्त म्हणाले, आणि महिनाभर फिरकले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद दिसला, तो पाहूनच मला शंका यायला हवी होती.

जूनच्या मध्यावर भर पावसात गाडी दुकानासमोर लागली. ब्रेक मारला तसं गाडीतून डबडब आवाज आला. मी डावं दार उघडलं तर ते हाताला जड लागलं, आणि आत पाणी हिंदकळलं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत जातंच, ते तिथून खाली निघून जावं म्हणून कंपनीनं मुद्दाम ठेवलेली. मेस्तांनी वरची मोठी भोकं बुजवलीच, पण तळाचीही एकूण एक भोकं कापूस ठोकून, राळ भरून बंद केली होती. काम इतकं चोख, की मला पेचकस आणि हातोडी घेऊन ती फोडावी लागली. बादलीभर पाणी माझ्या पायांवर पडलं.

"तळाक भोक दिसल्यार मी ता उघडा ठेवतलंय?" मेस्त म्हणाले. आणि वर, "पण कणीक अजून लागाक नाय हा."

तिथं माझं डोकं फिरलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, यशोदाकाकी गाडीत होत्या. मी कशाचीही पर्वा न करता बोललो.

"मेस्तानू, स्पीकर बरे आसत. वायर बरी आसा. टेप बरो आसा. तुमचे कान गेले. काकी सांगतत ता खरा, अजय सांगता ता खरा. डॉक्टराकडे जावा आणि माका सोडा."

मला वाटलं, आता भांडण होणार. मेस्तांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डिकीतली हत्यारं काढून घेतली आणि गाडीची चावी काउंटरवर ठेवली. "गाडी सुकली काय माका सांग," इतकं म्हणून त्यांनी छत्री उघडली. काकी त्यांच्या मागून गेल्या. दोघं एसटीनं घरी गेली. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, पण चूक माझी आहे असं काही वाटलं नाही. तोंड जास्त सुटलं, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दार सुकवायला उघडलं होतं. स्पीकर काढताना वायरीवर नजर गेली. डाव्या दाराची वायर कोणीतरी पूर्वी तोडून परत जोडली होती, आणि जोडताना रंग उलटे केले होते. मी रंग बघून स्पीकर जोडला होता. म्हणजे उजवा स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा डावा मागे ओढत होता. असे दोन स्पीकर एकत्र वाजले की घुमारा एकमेकांत मरतो आणि गाणारा मधून नाहीसा होतो. एकेक वाजवून पाहिलं तर काही कळत नाही. टेपकडच्या टोकाला दीड व्होल्टचा सेल लावून पडदा कुठे हलतो ते पाहायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मी दिलं नव्हतं. वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसानं.

दोन बुवा, एकमेकांकडे पाठ करून. मेस्तांनी मला दोष शब्दांत सांगितला होता आणि मी चहाला पळालो होतो.

फोन केला. तो यशोदाकाकींनी उचलला. "ते बोलाचे नाय. काल येवन थेट अजयाकडे गेले, माका होडी नको म्हणान सांगल्यानी. हत्यारां पोत्यात भरून ठेवली हत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी कान दाखवा म्हणत होतंय रे. हत्यारां खाली ठेवा म्हणूक नव्हतंय."

वायर सरळ करून गाडी पोचवता आली असती. मेस्तांना वाटलं असतं, दार सुकल्यानं आवाज सुधारला. माझी लाज झाकली गेली असती. हे सगळं मी नीट विचार करून पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग वायर तशीच उलटी ठेवली, दाराचं आतलं कव्हर मागच्या सीटवर टाकलं आणि देवबागला निघालो.

मेस्त पडवीत बसले होते. उठायला तयार नव्हते. शेवटी काकींनी उठवलं. मी त्यांना गाडीत बसवलं, तेच भजन लावलं, समोर बघायला सांगितलं आणि स्वतः डाव्या दाराशी बसलो.

"आता?"

"कणीक नाय."

वायर पलटली. "आता?"

मेस्तांची पाठ ताठ झाली. मग हळूच म्हणाले, "लागली. बुवा मधी इलो."

मी सहा वेळा केलं. कधी पलटली, कधी पलटल्यासारखं करून तशीच ठेवली. सहाही वेळा त्यांनी बरोबर सांगितलं. मग मी काकींच्या देखत सांगून टाकलं, की चूक पहिल्या दिवसापासून माझी होती, आणि काल बोललो ते मला शोभलं नाही.

"म्हणजे टीव्ही?" काकींनी विचारलं.

"टीव्हीचो स्पीकर बघूक होयो," मेस्त म्हणाले आणि खाली उतरले.

त्यांनी पोत्यातून हातोडा काढला आणि पाऊस आहे की नाही हे न बघता किनाऱ्याकडे चालू लागले. मी मागून. अजय ताडपत्रीखाली होडीशी उभा होता, फायबरवाल्याची वाट बघत. मेस्तांनी त्याच्याशी एक शब्द न बोलता फळीवर हातोडा मारला. मग हातभर पुढे सरकून दुसरा मारला. तिथं बोट ठेवलं. "हयसर कापूस सुटलो हा."

अजयनं खिळ्यानं उकरून पाहिलं. कापूस हाताला लागला, ओला आणि सैल. त्यानं खिळा खिशात टाकला. "फायबरवाल्याक नको म्हणान सांगतंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी येवा."

मेस्त माझ्याकडे वळले. "आयकलंस मा फरक?"

मी खरं सांगितलं. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले होते.

त्यांनी परत दोन ठोके मारले, माझ्यासाठी, अगदी सावकाश. मी परत मान हलवली, नाही म्हणून.

मेस्तांनी हातोडा काखेत धरला. "झिला," ते म्हणाले, "एकदा कान दाखवन घे. कुडाळात डॉक्टर आसा, यशोदेन नाव लिवन ठेवल्यान हा."